पूजेत अडकलेला संघ

आमच्या घरात बास्केटबॉल कळणारी एकच व्यक्ती आहे, आणि दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिने फराळाला जमलेल्या चाळीस पाहुण्यांसमोर उभं राहून "मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही" असं जाहीर केलं. ती व्यक्ती म्हणजे मी.

सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघाची कप्तान होते. (ही गोष्ट मी नव्या माणसाला दहा मिनिटांत सांगते, असं घरच्यांचं म्हणणं आहे. साफ खोटं. मला पाच मिनिटं पुरतात.) अशा बाईला ते वाक्य म्हणायला लावलं कुणी, तर माझ्या धाकट्या दिरांनी, दिनेश भावजींनी. भावजींचा आणि आमच्या ह्यांचा मिळून टॉवेलचा कारखाना आहे. मागाच्या नुसत्या आवाजावरून भावजी यंत्राचं दुखणं ओळखतात, मान्य. पण बास्केटबॉलमध्ये एका टीमचे किती जण मैदानात असतात, हे ते अजूनही टीव्हीवर बोट ठेवून मोजतात.

भानगड अशी, की आपल्याकडची व्यावसायिक बास्केटबॉल लीग दसऱ्याच्या सुमाराला सुरू होते आणि दिवाळीच्या तोंडावर संपते. आठ शहरांच्या आठ टीम. सीझन सुरू होण्याआधी लीगच्या ॲपवर आपण कुठल्याही टीममधले पाच खेळाडू निवडायचे, आणि ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. आमच्या घरात हा सामना माझा आणि भावजींचा. हरणाऱ्याने फराळाच्या दिवशी उभं राहून ते वाक्य म्हणायचं. ही अट माझीच. भावजींच्या तोंडून ते ऐकायची मला फार हौस होती.

आणि भावजींनी पाच खेळाडू कशावरून निवडले? केसांवरून! "वहिनी, ज्याला केस सांभाळायला येळ हाय, त्याचं बाकी सगळं नीट चाललं असणार की," असं त्यांचं शास्त्र. मी दोन महिने अभ्यास केला आणि हरले. भावजी न्हाव्याच्या नजरेने जिंकले. त्या दिवसापासून मोडनिंबच्या आत्यांपर्यंत सगळे मला फोनवर विचारू लागले, "काय सुमन, आता तरी कळायला लागलं का?" अंगाचा तिळपापड व्हायचा नुसता.

म्हणून गेल्या वर्षी मी पदर खोचला. दोनशे पानी वही आणली. आठ टीम, प्रत्येकीचे बारा खेळाडू, प्रत्येक खेळाडूला अर्धं पान. उंची, वय, मागच्या वर्षी कुठे होता, आता इथे का आला, सगळं. चेन्नईकडे तीन ताडमाड माणसं, पण चेंडू पुढे आणून देणारा एकही नाही. तिघं बास्केटखाली रिक्षाची वाट बघत उभे राहणार. लुधियानाचे धिप्पाड, पण परत धावत येताना त्यांचा जीव जातो. बंगळुरूची सगळी पोरं बावीस-तेवीसची, शेवटच्या दोन मिनिटांत हातपाय गाळणार. जयपूरने चांगला जमलेला संघ मोडून निम्मे नवे घेतले, म्हणजे नुसता सावळा गोंधळ. पुण्याने मागचेच बाराच्या बारा ठेवले, त्यांना मी 'संसारी टीम' असा शेरा दिला. एकाचा गुडघा, दुसऱ्याचं वय, तिसऱ्याची पास न देण्याची खोड, माझ्या नजरेतून काही सुटलं नाही. आणि वहीच्या शेवटी निष्कर्ष. मनात म्हटलं, भावजी, आता वाक्य पाठ करून ठेवा.

त्यानंतर जे झालं त्याला सर्वस्वी माझं तोंड जबाबदार आहे, हे मी आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. ज्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते पाटावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. या नियमाला माझ्या सासूबाईंकडे माफी नाही. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, माहेर मैंदर्गीचं, आवाज अजून खणखणीत. आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना फर्मान सोडलं. मागाचा धोटा आणा, पाना आणा, कात्री आणा, मागाला तेल घालायची कुपी आणा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुमन, तुजी इळी घासून ठिव गं पूजेला."

विळी! माझं डोकंच फिरलं.

"आई, मी तीस वर्षं नोकरी केली," मी म्हटलं. "उन्हातान्हात पोरींना पळवलं. ह्यांचा पाना पूजेत, भावजींची कात्री पूजेत, आणि माझं हत्यार म्हणजे विळी? माझी शिट्टी कधी मांडली का कुणी? एकदा तरी? माझं काम या घरात कुणाला कधी काम वाटलंच नाही."

भावजी तेवढ्यात कुपी आणायला म्हणून सटकले. मला फार बरं वाटलं. इतकं चांगलं भाषण मी निरोप समारंभातही केलं नव्हतं.

नवमीला सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर टेबलावर वही नाही. फोन नाही. चष्मा नाही. देवघरात डोकावले, तर पाटावर धोट्याच्या शेजारी माझी शिट्टी, खाली वही, वहीवर चष्मा, शेजारी फोन, आणि मधोमध चुंबळीवर बसवलेला माझा निरोप समारंभातला बास्केटबॉल. सगळ्यांना हळदीकुंकू लागलेलं. बॉलला झेंडूचा हारसुद्धा.

"चुकलंच की माजं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले होते. "तीस वरसं ध्यानात आलं न्हाय. दोन म्हैनं बगतीय, तू त्या वहीत मान मोडून काम करतीस. चष्म्याबिगर तुला दिसत न्हाय, फोनबिगर चालत न्हाय. समदं ठिवलंय बग."

मी वाकून नमस्कार केला. बॉललाही केला. आणि वाकल्यावर आठवलं, की पाच नावं त्याच दिवशी चार वाजेपर्यंत भरायची होती.

भावजींना ते माझ्याआधी आठवलं होतं. "वहिनी, चारला ॲप बंद होतंय बरं का," ते पाटाकडे बघत म्हणाले. "माजे पाच कालच भरले. औंदा दाढी बगून घेतलेत."

मी ह्यांना त्यांच्या फोनसकट माडीवर नेलं. तिथे बसून ह्यांनी एकेक टीम उघडायची, नावं वाचायची, आणि मी ओळखून सांगायचं, असं ठरलं. ह्यांचा वाचण्याचा वेग साधारण सरकारी नोटीस वाचल्यासारखा. तरी तेवढ्यावरही भागलं असतं. पण माझी पंचाईत निराळीच झाली. मला खेळाडूंची नावं आठवेनात, फक्त दोष आठवत होते. शाळेतही माझं हेच. कुठली पोरगी दांड्या मारते, कुठली रडते, हे तीस वर्षांनंतरही सांगेन. नाव विचारू नका.

"सेल्वम," हे म्हणाले.

"हा गुडघेवाला की घाबरट?"

"इथं तसं लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलंय?"

"सेल्वम."

तीन वाजले. सासूबाई खालच्या खोलीत पडल्या होत्या. मी ह्यांना म्हटलं, "नियम हात लावायचा नाही, एवढाच आहे ना? मग हात नाही लावायचा." आणि शाळेतली माझी फूटपट्टी काढली. हे दारात पहाऱ्याला उभे राहिले (पान सापडलं की वाचायचंही ह्यांनीच), मी पाटासमोर मांडी घातली. पट्टीने चष्मा हळूच बाजूला सारला. पट्टीने वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर उचललं. पट्टीनेच एकेक पान उलटत निघाले, आणि शेवटाजवळ पोचते न पोचते तोच पट्टीचं दुसरं टोक चुंबळीला लागलं.

बॉल सुटला. त्याने हारासकट एक टप्पा घेतला आणि थेट तेलाच्या कुपीवर बसला. कुपी आडवी झाली ती वहीवर. माझ्या उभ्या आयुष्यातला एकही पास इतका अचूक गेला नव्हता. बघता बघता कागद तेल प्यायले आणि मागच्यापुढच्या पानांची अक्षरं एकमेकांतून दिसायला लागली. चष्मा नसताना तर शहाण्णव खेळाडू एकाच पानावर गर्दी करून उभे.

"काय पडलं रं?" सासूबाई दारात.

"नमस्कार करताना धक्का लागला," हे म्हणाले.

"दोगं मिळून नमस्कार करत हुता?" त्या माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत म्हणाल्या. "लग्नानंतर पयल्यांदाच बगतीय."

तिथे माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. भावजी, केस, दाढी, चार वाजता बंद होणारं ॲप. "आई, मला परत त्या चाळीस जणांसमोर उभं राहून ते म्हणायचं नाही हो," मी म्हटलं, आणि साठी उलटलेली मी बाई, त्या पाटासमोर चक्क रडायला लागले. "आयुष्यात मला एकच गोष्ट नीट येते. तीच येत नाही म्हणून सांगायचं?"

सासूबाईंनी आधी बॉल उचलून चुंबळीवर बसवला. (त्यांनी हात लावलेला चालतो.) मग म्हणाल्या, "पाचच नावं पायजेत व्हय? मग मला इचारायचं की. कुकू लावाया शेवटचं पान उघडलं हुतं मी. पाच नावं हुती तितं, लाल पेनानं. माज्या ध्यानात हायत."

हे खरं असणार, यात शंकाच नव्हती. सासूबाई रोज पोथी वाचतात आणि एकदा वाचलेलं विसरत नाहीत. माझ्या लग्नात कुणी कुठल्या रंगाचं पातळ नेसलं होतं, हे अजून सांगतात. चारला दहा मिनिटं कमी होती. त्या सांगत गेल्या, हे दोन बोटांनी भरत गेले. "लुधियानाचा बलजीत. जयपूरचा राठोड. बंगळुरूचा गौडा. कोचीचा बिजू. आन् चेन्नईचा सेल्वम." एकेक नाव ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला. सगळी माझ्याच हातची, माझ्याच अभ्यासातली नावं. मी सासूबाईंच्या पाया पडले. भावजींना हाक मारून सांगितलं, "भरली हो पाच, अभ्यास करून भरली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि वही माझ्या हातात आली. पानांवरचं तेल टिपून, चष्मा लावून मी शेवटचं पान बघितलं. बलजीत, राठोड, गौडा, बिजू, सेल्वम, बरोबर तीच नावं, त्याच क्रमाने. वर हळदीकुंकवाचा मोठा ठिपका. पूजेचं बोट नेहमी पानाच्या माथ्यावर टेकतं, आणि नेमकं तिथेच मी मथळा लिहिला होता. तो वाचायची मला गरज नव्हती. तो असा होता: 'यांना चुकूनही घेऊ नये.'

माझे निवडलेले पाच आदल्या पानावर होते.

मग वीस दिवस मी काय भोगलं ते माझं मला ठाऊक. ज्याचा गुडघा गेला म्हणून मी अर्धं पान खर्ची घातलं, तो राठोड माकडासारखा उड्या मारत होता. जन्मात पास न देणारा बलजीत वाटेल त्याला पास देत सुटला. शेवटच्या दोन मिनिटांत गौडा घाबरायचं नाव घेईना. मी टीव्हीसमोर बसून मनातल्या मनात म्हणायचे, अरे मेल्यांनो, जरा तरी वाईट खेळा, माझ्या अक्षराची लाज राखा. घरच्यांना वाटायचं, मी प्रार्थना करतेय. आणि माझे ते खरे पाच? एकाचा पहिल्याच सामन्यात पाय मुरगळला, दोघं बाकावरून उठले नाहीत, उरलेल्या दोघांबद्दल मला बोलायचं नाही. मी चोरून हिशेब मांडून बघितला. त्यांच्या जिवावर राहिले असते तर दाढीवाल्यांनी मला धूळ चारली असती.

जिंकले मी. दणदणीत जिंकले.

फराळाच्या दिवशी चाळीस पाहुण्यांसमोर दिनेश भावजी उठले. तोंडात शंकरपाळी, चेहरा हसरा, लाजबीज काही नाही. "मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही," त्यांनी ठणकावून सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि चिवड्याची बशी पुढे ओढली. ज्या वाक्यासाठी मी दोन वर्षं जीव टाकला, ते या माणसाने असं म्हणून टाकलं. मोडनिंबच्या आत्या माझा हात धरून म्हणाल्या, "सुमन, कसे गं ओळखलेस तू ते पाच?"

"समदं तिच्या वहीत लिवलेलं हाय," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "आण की गं वही, बगू दे सगळ्यांना."

मी घाईघाईने अख्खा बेसनाचा लाडू तोंडात कोंबला आणि मान हलवून नाही म्हटलं. भावजींनी जे चाळीस जणांना नुसतं तोंडी सांगितलं होतं, त्याचा माझ्याकडे लेखी पुरावा होता, तोही माझ्याच अक्षरात आणि हळदीकुंकवासकट.