भिंगरीची माय

हिंगणघाटहून समुद्रपूरला जाणाऱ्या एसटीत कुणाच्या हातात ड्रॉइंगची वही दिसली, की आमची कंडक्टर ताई तिकीट द्यायच्या आधी विचारायची, "माणूस काढता येते का तुले? का नुसते डोंगर, सूर्य अन् झोपडी?" पोरगं गोंधळून जायचं. मागचे प्रवासी पैसे धरून ताटकळायचे. ताई मात्र वही उघडून पाहिल्याशिवाय पुढे सरकत नसे. चित्र आवडलं तर म्हणायची, "हात चांगला हाय तुया. पण बाई अशी उभी राह्यते का? कंबर मोडन तिची." एवढं बोलून मग ती पुढच्या सीटकडे वळायची.

ताईला एका बाईचं चित्र हवं होतं. त्या बाईचं नाव भिंगरी. ती राहत होती ताईच्या मोबाइलमधल्या एका गेममध्ये. त्या गेममध्ये आपलं पात्र आपणच घडवायचं असतं. रंग, उंची, नाक, डोळे, सगळं. बहुतेकजण सडपातळ, गोरीपान, केस उडवणारी पात्रं करतात. ताईने केली होती धिप्पाड, काळीभोर, रुंद खांद्यांची, पोट सुटलेली बाई. पाठीवर तिच्याच उंचीची कुऱ्हाड. ती कुऱ्हाड धरून गरगर फिरायची आणि समोरचे राक्षस कपाशीच्या वाळल्या पराट्यांसारखे आडवे व्हायचे, म्हणून भिंगरी.

बसस्टँडवरची पोरं ताईला 'भिंगरीची माय' म्हणायची. ते तिला मंजूर नव्हतं. "माय असती तं तिच्या लग्नाची काळजी केली असती. तिच्या डोक्यात तसलं काई नाई, अन् माया डोक्यात बी." कुणी विचारलं, ही तुम्हीच का, तर आणखी भडकायची. "मी अशी असती तं तुमी दारात लटकले असते का? चला, आत सरका!"

खेळायची ती जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या कोपऱ्यात, डबा एका बाजूला सारून. गेममधल्या तिच्या टोळीत देशभरातली पोरं होती. कुणी बिहारचा, कुणी चेन्नईचा. एकमेकांची तोंडं त्यांनी पाहिली नव्हती. पण ताईचा आवाज मात्र सगळे ओळखून होते, कारण राक्षसाच्या गुहेतही ती बसमधलाच आवाज लावायची. "अंदर सरको! दरवाजे पे भीड मत करो! एक एक करके आओ!" आणि ती पोरं ऐकायची. ड्रायव्हरभाऊ चहाचा घोट घेत विचारायचे, "मॅडम, राक्षसाले तिकीट देल्लं का?"

"देल्लं. पुढच्या स्टॉपवर उतरवते त्याले."

ताईची आणि माझी ओळख झाली ती भांडणातून. मी पत्रकांच्या घरात वाढलेली. जेवायला बसायचं तर आधी पत्रकांचे गठ्ठे बाजूला करावे लागत, अशा घरातली. स्टँडवर स्त्रियांच्या हक्कांची पत्रकं वाटत होते, आणि समोर ही खाकीतली बाई मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. मी तिला सुनावलं, की हे गेम म्हणजे माणसांना गुंगीत ठेवायचं औषध आहे. तिने माझ्या हातातलं पत्रक घेतलं, शेवटपर्यंत वाचलं आणि वरच्या चित्रावर बोट ठेवलं. मूठ उगारलेली बाई होती ती.

"पोरी, हे तुयी बाई सकायपासून हात वर करून उभी हाय. कदी खाली करते?"

"ती लढते आहे, ताई."

"कोनाशी? समोर तं कोनीच नाई." मग तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे पाह्य लढाई."

मी पाहिली. खोटं कशाला सांगू, माझी पत्रकं बाकावरच राहिली. भिंगरी एका पुलावर एकटी उभी राहून अख्ख्या फौजेला अडवत होती. ती मेली तेव्हा मी ओरडले, आणि उठली तेव्हा त्याहून मोठ्याने.

मग एक दिवस बातमी आली. गेम चालवणारी कंपनी तो महिन्याअखेरीस कायमचा बंद करणार होती. भिंगरी, तिची कुऱ्हाड, तो पूल, सगळं जाणार. तेवढ्या दिवसांत ताईला चित्र हवं होतं, कारण चित्रकाराला खरी भिंगरी फिरवून, चालवून दाखवायची सोय तेवढेच दिवस होती. मी सुचवलं की स्क्रीनचे फोटो काढून ठेवू.

"फोटो तं ढीगभर हायेत," ताई म्हणाली. "आधार कार्डावर मायाबी फोटो हाय. त्यात मी दिसते का तुले? चित्र पायजे. कोनीतरी तिच्याकडे बसून पाह्यलं पायजे, बावा. एका माणसानं."

झालं! आम्ही दोघी कामाला लागलो. पहिला चित्रकार इंटरनेटवर सापडला, मोठ्या शहरातला, गेममधली पात्रं काढून देणारा. मी त्याला सविस्तर वर्णन लिहून पाठवलं. काळी, दणकट, पोक्त. चित्र आलं ते असं: गोरी, मुठीत मावेल एवढी कंबर, आणि चिलखत म्हणून लोखंडाची चोळी. ताईने मोबाइल लांब धरून पाहिलं. "हे कोन हाय? थंडी वाजत असन बिचारीले."

आम्ही रंग बदलायला सांगितलं. त्याने सावळी केली. पुन्हा सांगितलं. आणखी थोडी सावळी. माझं डोकं फिरलं. हजार रंगांची पेटी समोर असताना या देशातल्या चित्रकाराचा हात काळ्या बाईपाशी येऊन का थरथरतो? कुणाला भितो तो? मी तिथल्या तिथे पत्रक लिहायला घेतलं. ताईने माझं पेन काढून घेतलं आणि त्या मुलाची ठरलेली रक्कम पाठवून दिली. वर आवाज रेकॉर्ड करून निरोप दिला, "बेटा, मेहनत तेरी अच्छी है. लेकिन ये मेरी वाली नहीं है."

"पैसे कशाला दिलेत?" मी चिडून विचारलं.

"त्यानं काम केलं. आपल्याले नाई आवडलं म्हनून त्याचं काम झालंच नाई का? तुया कागदात लिहिलं हाय ना, कामाचा दाम? का ते फक्त मालक लोकायसाठी?"

मी अर्धवट लिहिलेलं पत्रक घडी घालून पिशवीत टाकलं. पण तिची खरी आग मी पाहिली ती फ्लेक्सच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, चित्रकार कशाला शोधता, आता मशीनच चित्र करून देते, एका मिनिटात, हवी तशी बाई. ताईने शांतपणे विचारलं, "मशीन कुठून शिकलं?"

"नेटवरच्या लाखो चित्रांवरून, ताई."

"कोनाची होती ते चित्रं?"

"आता नावं कोण विचारते?"

"म्हंजे अख्खी गाडी बिनतिकीट हाय म्हना," ताई म्हणाली. "मंग माई भिंगरी नाई बसत तिच्यात." आणि ती दुकानाची पायरी उतरली. मी मागे. सभांमधली इतकी भाषणं ऐकली, पण चोरी इतक्या थोडक्यात कुणी समजावून सांगितली नव्हती.

मग आम्ही सेलूच्या पेंटरदादांकडे गेलो. दुकानांच्या पाट्या आणि देवळांच्या भिंती रंगवणारा माणूस. त्यांनी मोबाइलवर भिंगरी पाहिली, मान डोलावली आणि पत्र्यावर कच्चं चित्र काढलं. काय सांगू! तोच रंग, तेच पोट, तेच खांदे. आम्ही नाचायच्या बाकी होतो. चार दिवसांनी चित्र न्यायला गेलो, तर पत्रा दुकानाबाहेर उन्हात वाळत ठेवलेला, भिंगरीच्या डोक्यामागे सोनेरी प्रभावळ, उजवा हात आशीर्वादाला उचललेला, आणि पत्र्याला हळदकुंकू लागलेलं. खाली अर्धा नारळ.

"दादा, हे काय करून ठेवलं?"

"ताई, एवढ्या ताकदीची बाई," पेंटरदादा डोकं खाजवत म्हणाले, "डोक्यामागं मोकयं दिसत होतं. हात गेला माया."

"देवी नाई ना वो ते!"

"काऊन? देवी झाली तं चांगलंच हाय ना."

"चांगलं कसं? देवी मरत नाई, दादा. माई भिंगरी मरते. रोज मरते. मंग उठते. तेच तं तिचं काम हाय."

चूक दादांना पटली असावी, कारण त्यांनी रॉकेलचा बोळा हातात घेतला. "पुसून टाकू मंग?"

तेवढ्यात मागून एक म्हातारी पूजेची थाळी घेऊन आली. "पुसू नका वो! मी नवस बोलली!"

तो पत्रा तिथेच राहिला.

आता फार दिवस उरले नव्हते. ताई प्रवाशांशीसुद्धा तुटक बोलायला लागली. अशात एका दुपारी पुलगावची मयूरी आमच्या गाडीत बसली; मीही तेव्हा रोज ताईसोबत गाडीत असायचे. मयूरी वर्ध्याला चित्रकला शिकत होती आणि मावशीकडे समुद्रपूरला निघाली होती. मांडीवर वही. ताईचा नेहमीचा प्रश्न झाला. मयूरीने वही पुढे केली. आत नुसती माणसं होती, सगळी थकलेली, सगळी खरी. ताईने तिला समुद्रपूरच्या स्टँडवर थांबवून घेतलं, भिंगरी दाखवली, सगळी हकिकत सांगितली. मयूरीने एकच प्रश्न विचारला.

"ताई, उठते कशी ती?"

"म्हंजे?"

"मेल्यावर. आधी हात टेकते का गुडघा?"

ताईने तिकिटाचं मशीन माझ्या हातात दिलं आणि फलाटावर धाडकन आडवी पडली. खाकी कपड्यांत, भर दुपारी. सगळा स्टँड उठून उभा राहिला. ड्रायव्हरभाऊ पाण्याची बाटली घेऊन धावत आले. "मॅडम! चक्कर आली का?"

"चूप बसा! मी मरून राह्यली!"

मग ती उठली. आधी कोपर. मग एक गुडघा. मग कुणाची तरी छत्री मागून घेतली, कुऱ्हाडीसारखी जमिनीत रोवली आणि तिच्यावर भार देत, दात आवळून, वर. मयूरीची पेन्सिल सपासप चालत होती.

"ताई, अजून एकदा मरता का?"

ताई पुन्हा मेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाडी उशिरा सुटली आणि त्याबद्दल एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही.

रंगकाम व्हायच्या आधीच गेम बंद झाला. ताई तेव्हा ड्युटीवर होती. मोबाइल तिने खिशात उघडाच ठेवला होता. टोळीतली पोरं एकमेकांचा निरोप घेत होती, त्यांचे आवाज बारीक ऐकू येत होते. मग ते थांबले. ताईने खिशावर हात ठेवला, समोरच्या बाईला तिकीट दिलं आणि पुढच्या सीटकडे गेली. त्या दिवशी ती "आत सरका" म्हणाली नाही.

मयूरी चित्र घेऊन आली तेव्हा ताईची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती आणि आमच्या रस्त्यावरची ही तिची शेवटची फेरी होती. आम्ही फलाटावर चित्र उघडलं. भिंगरी एका गुडघ्यावर होती, अर्धी उठलेली. काळी, घामाने चमकणारी, कुणाच्याही आशीर्वादाशिवाय. माझे डोळे भरून आले. ताईने मात्र चष्मा लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चित्र पाहिलं.

"कान," ती म्हणाली. "डाव्या कानाचा तुकडा उडाला हाय तिचा."

"मॅडम, गेम तं गेला," ड्रायव्हरभाऊ म्हणाले. "आता कोन तपासून राह्यलं?"

"मी तपासून राह्यली."

मयूरीने बाकावरच रंग काढले आणि कान दुरुस्त केला. खाली सही केली. ताईने पुन्हा पाहिलं आणि या वेळी काहीच चूक काढली नाही. बोटाने फक्त हवेतच, कागदाला न लागता, त्या खांद्यांची रेघ गिरवली.

मग चित्र घेऊन ती गाडीत चढली, कंडक्टरच्या सीटवर ते नीट टेकवलं आणि स्वतः दांड्याला धरून उभी राहिली. गाडी भरली. एक म्हातारबाबा धापा टाकत आले आणि म्हणाले, "बाई, हे सीट खाली हाय ना?"

"खाली कशी, बाबाजी?" ताई म्हणाली. "बसली हाय ना ती."

बाबांनी वाकून भिंगरीकडे पाहिलं, तिच्या कुऱ्हाडीकडे पाहिलं, आणि मागची सीट गाठली.