नऊ बोटांचा स्टेम

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. भिलाईच्या सेक्टर सहात आमच्या स्ट्रीटवर मी तोंडाळ म्हणून नावाजलेली होते. भाजीवाल्यापासून कॉलेजच्या सरांपर्यंत कोणाचीही चूक दिसली की माझी जीभ वळवळायची. आई म्हणायची, हिला बघायला पाहुणे येतील तेव्हा चहाच्या आधी कानात घालायला कापूस द्यावा लागेल. अशी मी, आणि एका सायकलच्या सुट्या भागाबद्दल बाबांपुढे दीड महिना तोंड शिवून बसले.

तेव्हा मी नेहरू नगरातल्या एका शिकवणीत नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवायचे. त्या पगारातून मी माउंटन बाइक घेतली. जाड टायर, सरळ हँडल, मधे आडवा दांडा. आईला पुढे टोपली असलेली लेडीज सायकल हवी होती. शेजारच्या काकू तर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या की आजकाल मुलगा कोण, मुलगी कोण, ते सायकलवरून कळत नाही. बाबा मात्र माझ्या बाजूने होते. त्यांनी सायकल उलटी करून दोन्ही चाकं फिरवली, कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकला आणि माल चांगला आहे असं सांगितलं.

हमरस्त्यावरचे ट्रक टाळायला मी मुरुमाच्या मैदानातून वाट काढली होती. त्या वाटेवर एक पळस होता. पळसाला वळसा घातला की लगेच उतार, आणि उताराच्या तळाशी कोरडा नाला. त्या वळणावर सायकल जरा आडमुठेपणा करायची. मी घरी सहज बोलले की हँडल वळणावर जड जातं. एवढंच बोलले होते.

बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये तीस वर्षं फिटर होते. आमच्या स्ट्रीटवरचे बहुतेक काकाही असेच हातात नटबोल्टचे पाने घेऊन म्हातारे होत आलेले. संध्याकाळी अंगणात सायकलभोवती त्यांची बैठकच भरली. घट्ट बसलेला बोल्ट सोडवायचा तर पाना लांब घ्यायचा, दांडा जितका लांब तितका जोर कमी, हे त्या सगळ्यांना झोपेतही ठाऊक होतं. तेव्हा हँडल जड जातं म्हणजे ते आणखी पुढे न्यायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. हँडलला पुढच्या चाकाच्या उभ्या नळीशी जोडणारा जो आडवा तुकडा असतो, त्याला सायकलवाला स्टेम म्हणायचा. माझ्या सायकलचा स्टेम सहा बोटं लांब होता. बाबांनी नऊ बोटांचा करायचं ठरवलं. गणित शिकवणारी मी तिथेच उभी होते आणि मलाही ते पटलं.

बाबांच्या एका मित्राचं लेथ मशीनचं दुकान होतं. दोन रविवार बाबा तिथे राबले. नळी कापली, वेल्डिंग केलं, कानस मारली, मग घरी आणून पॉलिश पेपरने इतकं घासलं की त्यात तोंड दिसावं. घासताना ते शीळ घालत होते. हे मुद्दाम सांगते, कारण त्या वर्षी त्यांची शीळ बंदच झाली होती. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला होता, आणि खात्यात त्यांना हलकी कामं द्यायला लागले होते. घरी येऊन ते म्हणायचे की आता मला हत्यारं मोजायला बसवतात. असं म्हणून हसायचे, पण जेवण अर्धं टाकून उठायचे.

तो सायकलला बसवला आणि दुसऱ्याच दिवशी पळसाजवळ मी पडले.

हात इतके पुढे गेले होते की अंगाचा सगळा भार पुढच्या चाकावर. हँडल वळवायला दोन्ही हातांनी मोठा घेर घ्यावा लागे, आणि चाक मनावर घेईपर्यंत वळण संपून उतार सुरू झालेला असायचा. कोपर फुटलं. घरी बाबांनी उत्सुकतेने विचारलं, कसं चालतं? मी म्हणाले, लोण्यासारखं. कोपराचं काय? कुत्रं आडवं आलं.

पुढच्या आठवड्यात गुडघा. परत कुत्रं. मग तळहात. तेव्हाही कुत्रंच, पण पांढरं. आई खवळली. शेजारच्या काकूंचा म्हातारा कुत्रा मोती दिवसभर पायरीवर लोळत पडलेला असायचा. तिने जाऊन काकूंना सुनावलं आणि मोतीवर झाडू उगारला. काकूंनीही सायकलवरून काय काय ऐकवलं. दोन दिवस दोन्ही घरांतलं बोलणं बंद. मला मोतीपुढे फार ओशाळल्यासारखं झालं आणि मी त्याला लपवून ग्लुकोजची बिस्किटं घातली. पण बाबांना खरं सांगण्याची हिंमत होईना. त्यांचा उतरलेला चेहरा माझ्याने बघवला नसता. त्यापेक्षा गुडघा फुटलेला परवडला, असा माझा हिशेब होता आणि मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

एका रविवारी सकाळी मी उठले तर सायकल जागेवर नव्हती. आई म्हणाली, तुझे बाबा काठी घेऊन गेले आहेत, ते कुत्रं कोणतं ते बघायला. मी चप्पल अडकवून निघणार तोच बाबा फाटकातून आत आले. सायकल हाताने ढकलत. पाठीवर लाल मुरुम, शर्टाची बाही फाटलेली, चष्म्याची एक काडी हातात.

ते पायरीवर बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "कुत्रं नाही दिसलं."

मी त्यांच्या हातून रिकामा पेला घेतला.

"तू मले सांगितलं कावून नाही?"

मी म्हणाले, तुम्ही एवढ्या हौसेने बनवला होता. तुम्हाला वाईट वाटलं असतं.

बाबा चिडके होते, त्यामुळे मी ओरडण्याची वाट बघत होते. त्यांचा आवाज चढलाच नाही.

"माह्या सेक्शनमंधी कोणाची चूक दिसली अन् माणूस गप्प बसला, तर कोणाचा तरी हात जाते. मले चूक दाखवली तर मी चिडतो, खरं आहे. पण चिडून झाल्यावर काम दुरुस्त करतो का नाही? तू मले तेवढाबी मोका नाही देल्ला. साऱ्या दुनियेच्या चुका काढते तू. माह्यीच नाही काढली. म्हणजे तुलेबी वाटलं, बाप म्हातारा झाला, आता त्याले सांगून काय फायदा."

मला तसं वाटलं नव्हतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की थोडंसं वाटलंच होतं. मी तिथेच रडायला लागले. आईला वाटलं बाबांनी मारलं, म्हणून ती आतून लाटणं घेऊन आली. मग आम्हा दोघांनाही हसू आलं.

मी डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. भार कुठे पडतो, हात किती फिरवावे लागतात, चाक कधी ऐकतं, कधी ऐकत नाही. बाबा मधे मधे एवढंच विचारत होते, पुढं काय होते? शेवटी त्यांनीच मान डोलावली. बोल्टाला जोर लागतो म्हणून पाना लांब. इथं जोर नाही, चटकन वळणं पाहिजे, तर हात चाकाच्या जवळ हवेत. तीस वर्षांचं शिक्षण त्यांनी पायरीवर बसल्या बसल्या उलटं केलं आणि त्याच दुपारी लेथच्या दुकानात गेले. या वेळी मलाही सोबत नेलं.

नवा स्टेम तीन बोटांचा. दिसायला ठेंगणा, ओबडधोबड. पॉलिश करायला बाबांनी वेळच घालवला नाही. संध्याकाळी आम्ही दोघं मैदानात गेलो. ते उताराच्या कडेला उभे राहिले आणि मी पळसाकडे निघाले. हँडल वळवायचं नुसतं मनात आणलं आणि चाक फिरलं. उतार कधी संपला ते कळलंही नाही. नाल्याच्या तळाशी थांबून मी इतक्या जोरात हसले की बगळे उडाले. तीनदा वर गेले, तीनदा खाली आले.

मग बाबांनी विचारलं, "आता सांग."

झक्कास आहे, हे ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. म्हणाले, ब्रेकची वायर आता लांब पडते, वळताना गुडघ्याला लागते. बाबांनी खिशातून खडू काढून वायरवर खूण केली. म्हणाले, आणखी? हँडल केसभर डावीकडे आहे. त्यांनी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि बोल्ट सैल करून हँडल सरळ केलं. आणखी? त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी जोशात ठोकून दिलं, पुढचं चाकसुद्धा किंचित डुगडुगतं.

बाबा मुरुमात मांडी घालून बसले. त्यांनी चाक उचलून फिरवलं, बोट लावून पाहिलं, पुन्हा फिरवलं. बराच वेळ. मग वर माझ्याकडे बघून म्हणाले, "चाक तं बरोबर आहे. पण सांगत जाय."