बांधावरचा लाल मुरूम

माझ्या पायाला पहिल्यापासून भिंगरी. आई म्हणायची, ही पोरगी देवापुढे वाकली तरी एक डोळा दाराकडे असतो. अशा माणसाला चार भिंतींत बसवून ‘झाडाचे भाग’ फळ्यावर काढायला लावणं म्हणजे शिक्षाच. त्यात ट्रेनिंग कॉलेजात आमच्या डोक्यात भरवलेलं, मुलांना बाहेर न्या, त्यांचे हात मातीत जाऊ द्या, सृष्टिज्ञान पुस्तकात नसतं. मला तेवढंच हवं होतं. बाकी काय शिकले ते आज आठवत नाही.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी साताऱ्याकडची, वीस वर्षांची, आणि नेमणूक निघाली थेट कुलाबा जिल्ह्यात, रेवसच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात. सोबतीला आई आली.

गाव भाताचं आणि मिठागरांचं. शेती खाडीच्या भरतीहून खाली, आणि दोघांच्या मधे फक्त एक मातीचा बांध. भरतीच्या वेळी त्या बांधावर उभं राहिलं की उजव्या हाताला खारं पाणी आणि डाव्या हाताला, त्याच्याहून खाली, कोवळं भात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी भराभर चालत गावात परतले. गावाला त्याचं काही वाटत नसे, कारण गाव बांध राखत होतं. अमावास्या-पुनवेचं उधाण यायच्या आदल्या दिवशी एकेका घरावर राखण यायची. राखणीवाल्यानं अनवाणी सगळा बांध चालायचा आणि जागोजाग टाच मारत जायचं. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, आतून पोखरलं असेल तर टाचेला पोकळ लागतं. तिथं उकरायचं, चिकणमातीत पेंढा तुडवून गोळे करायचे आणि ते ठासून भरायचे. ज्याच्या राखणीत खांड पडली, म्हणजे बांध फुटला, त्याची भातखाचरं गावकी काढून घेई. नियम कडक होता, पण तो कुणी वाईट म्हणत नसे.

त्या श्रावणात चार दिवस उघडीप पडली आणि मी तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन बांधावर गेले. चिंबोरीचं घर कसं असतं ते बघायचं, असं मीच ठरवलेलं. आधी बांबूच्या कामटीनं बिळाची खोली मोजली. मग कुणीतरी विचारलं, आत वळतं की सरळ जातं? आता एवढा चांगला प्रश्न आल्यावर मी थांबते कशाला. म्हटलं, उकरा. दोन हात लांब उकरलं, बीळ कोपरासारखं वळलेलं दिसलं, शेवटी चिंबोरी नांग्या उगारून बसलेली. मुलं हरखली. मी तर त्यांच्याहून जास्त. असा तास आपल्या आख्ख्या जिल्ह्यात कुणी घेतला नसेल, असं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू.

उकरलेलं बुजवायचं होतं. चिखलात हात घालून सगळे राड झाले होते, आणि आमच्याकडे घाटावर खड्डा पडला की मुरूम टाकतात. शाळेच्या अंगणासाठी मुरमाचा ढीग आलेलाच होता. मुलांकडून पाच पाट्या आणवल्या, भरल्या, वर त्यांना उड्या मारायला लावल्या. चौथीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, इथं मुरूम नाय चालत. चिकण लागते.”

मी म्हटलं, “मधे मधे बोलू नको. रांगेत उभी राहा.”

ती राहिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच हाकत होते.

तिसऱ्या दिवशी अमावास्या. त्या बाजूला उधाणाची भरती भर दुपारी लागते. मी गणित घेत होते आणि बाहेर माणसं धावायला लागली. आम्ही पोचलो तोवर बांधाला गाडी जाईल एवढी खांड पडली होती. पुरुष छातीभर पाण्यात उभे राहून पेंढ्याचे भारे आणि माती लोटत होते. ओहोटी लागली तेव्हा कुठे ती बुजली. पण तीन खाचरांत खारं पाणी शिरलं होतं. खांड कुठे पडली ते मला कुणी दाखवावं लागलं नाही. चिखलात लाल मुरूम पसरलेला मला लांबूनच दिसला.

राखण होती एका विधवेची, आणि ती तीन खाचरंही तिचीच. पन्नाशीची असेल. नवरा गेल्यावर राखण दिराकडे द्यायला ती तयार झाली नव्हती. स्वतः बांध चालायची. पुरुषांना ते खटकत होतंच. आता त्यांना आयतं कोलीत मिळालं. बाईमाणूस बांध काय राखणार, तिनं चाल चुकवली असणार, असं जो तो बोलू लागला. चार दिवसांनी देवळापुढं गावकी बसायची होती, आणि खाचरं दिराच्या नावावर जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

ते चार दिवस मी बसले नाही. जेवायला बसले तरी उठत होते. वर्गात पाढे म्हणायला लावून मी खिडकी ते दार, दार ते खिडकी. मुलं माझ्याकडे बघायची आणि मान खाली घालायची. त्यांनी घरी काही सांगितलं नव्हतं. मार बसेल म्हणून असेल, किंवा मी त्यांची बाई म्हणून. मला दोन्हीची लाज वाटत होती.

आई म्हणाली, “परक्या गावात आहोत. चिंबोऱ्या काय कमी पोखरतात? तुझ्याच खड्ड्यातनं फुटलं कशावरून?”

मी म्हटलं, “मला माहीत आहे.”

“तुला माहीत आहे, गावाला नाही. पोरं काढून घेतील शाळेतनं. नोकरी जाईल. मग?”

मला भीती वाटत होती, चांगलीच. तिसऱ्या रात्री मी ठरवलं की बोलायचं नाही. सकाळी उठले तर ठरवलेलं कुठल्या कुठे गेलं होतं, आणि ओटीवर बसवेना.

गावकीत बायका बोलत नसत. मी मधे जाऊन उभी राहिले आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. बीळ, कामटी, मुरूम, उड्या, त्या मुलीला गप्प केलं तेसुद्धा. थांबले तर थांबेनच, म्हणून एका दमात. मग एक म्हातारा आपल्या चौथीतल्या नातवाकडे वळला, “खरं काय रं?” नातवानं मान हलवली.

पाटील त्या विधवेकडे वळला. ती एका बाजूला खाली बसली होती. म्हणाला, “काळ्या बांधावर लाल मुरूम. तुला दिसला नाय?”

“दिसला की.”

“मंग टाच मारलीस?”

“नाय मारली.”

“का?”

तिनं पदर सारखा केला. “पोरांची पावलं व्हती वर. मना समजलं, शालेनं भरलंय. शिकलेल्या बाईनं केलेलं, त्याच्यावर मी आडाणी टाच मारू?”

“मंग हे बोलली का नायस चार दिस?”

“राखन माझी व्हती,” ती म्हणाली. “शालेवर कशाला ढकलू?”

खाचरं तिचीच राहिली. नोकरीही गेली नाही. मुलांना बांधावर न्यायचं नाही, एवढंच मला सांगण्यात आलं. मी चार भिंतींत बसले आणि झाडाचे भाग फळ्यावर काढले.

पण मीठ असं ठरावानं निघत नाही. तीन पावसाळे त्या खाचरांत भाताची काडी उगवली नाही. ती दुसऱ्यांच्या लावणीला मजुरीनं जायची, डोक्यावर इरलं घेऊन, शाळेवरूनच. एकदा न राहवून मी बाहेर जाऊन म्हटलं, “मावशी, एकदा तरी मला शिव्या द्या हो.”

ती जरा थांबली. म्हणाली, “तुमी बोललात म्हनून जमीन हाय, बाय.” आणि कामाला उशीर होतो म्हणून पुढे गेली. वर्गातली मुलं माझी वाट बघत होती आणि मला आत जाता येईना.