सरळ केलेला आवाज

आमच्या वस्तीत जयंतीला गाणं म्हटलं की मीच, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. शिकले कुठंच नाही. विहारात वंदना म्हणता म्हणता गळा तयार झाला, मग लग्नाला, बारशाला लोक बोलवू लागले. चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बायका डबा उघडायच्या आधी म्हणायच्या, "एक म्हण की."

एका वर्षी जयंतीच्या मंडळानं माझं गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. स्टुडिओ म्हणजे मोबाईलच्या दुकानावरची खोली, भिंतींना काळा स्पंज लावलेला. रेकॉर्डिंग करणारा माणूस माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, बोलायला चांगला. दोनदा गायले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. कॉम्प्युटरवर एक वेडीवाकडी रेघ दिसत होती.

"हा तुमचा आवाज, ताई. आणि ह्या आडव्या पट्ट्या म्हणजे सूर. हितं बघा, तुमी खाली उतरलाय."

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानं तेवढाच तुकडा वाजवला. खरंच उतरले होते. इतकी वर्षं मी डोळे मिटून गात होते, लोक डोलत होते, आणि मी तिथं उतरत होते!

मग त्यानं माउसनं ती रेघ धरून वर ओढली. पुन्हा वाजवलं. मी तोंडही उघडलं नव्हतं, आणि माझा आवाज मी कधी न लावलेल्या सुरावर जाऊन बसला होता. मी खुर्ची मागं सरकवली.

"असं करतात?"

"सगळ्यांचंच करतो, ताई. घाबरताय काय?"

दोन-चार दिवसांनी गाणं मोबाईलवर आलं. आई शेंगा फोडत बसली होती. तिच्यापुढं लावलं.

"कोन गातंय गं? लई ग्वाड गाती."

"वळख की."

"न्हाय बा."

"आई, मी हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं आणि चिडलीच. "मला येडी समजतीस व्हय? तुजा आवाज मला कळत न्हाय?" मी शपथ घेतली तरी पटेना. शेवटी ती शेंगांचं सूप उचलून आत गेली. जन्म दिला त्या बाईनं मला ओळखलं नव्हतं.

जयंतीच्या संध्याकाळी स्टेजवर चढले तर मंडळाचे अध्यक्ष कानाशी आले. "ताई, नुसतं ओठ हलवा. गाणं आम्ही लावतो."

"मग मी कशाला पाहिजे?"

"लोकांना दिसायला नको का!"

मी काही बोलायच्या आत ते सुरूच झालं. स्पीकरमधून ती बाई गाऊ लागली, खाली पोरं नाचू लागली. हातातला माईक बंद. एक कडवं मी मुकाट्यानं ओठ हलवले. पुढच्या रांगेत आई बसली होती, माझ्या तोंडाकडं टक लावून. मला पुढं ओठ हलवता येईनात. माईक खाली ठेवला आणि उतरले. गाणं चालूच राहिलं. नाचणारे थांबलेसुद्धा नाहीत.

नंतर मी स्टुडिओत जाऊन माझं मूळचं गाणं मागितलं. "ते उडवलं की, ताई. कच्चं ठेवून काय करायचं?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं, मी अशी का बघतेय ते.

परवा एका बारशाचा फोन आला. बाई ओळखीच्याच. म्हणाल्या, "धावपळ असंल तर येऊ नका, ताई. गाणं तेवढं पाठवा, आमी लावतो."

मी फोन ठेवला, साडी बदलली आणि गेले. पाळण्यापाशी बसून, माईक नाही, काही नाही, मला येतं तसं म्हटलं. आधी सगळ्या नुसत्या बघत होत्या. मग बाळाच्या आजीनं ओळ उचलली, तिच्या मागून बाकीच्यांनी.