शंभर मीटरला एक कमी

आमच्या रस्ते खात्यात पट्टे मारणारी चार पथकं होती, पण पट्टा साहेबांच्या डोळ्यांत भरावा असं असलं की बोलावणं एकाच माणसाला जायचं. त्याला सगळे मिलिमीटर म्हणत, तेही तोंडावर. त्यालाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो चटकन वळायचाही नाही. घरी भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर हा जेवता जेवता उठतो, असं वहिनी सांगायच्या. सव्वीस वर्षं टेपचं एक टोक त्याच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या.

ही टेप पन्नास मीटरची, पण तिचा पहिला मीटर केव्हाच तुटून गेला होता. नवी मागितली की आमचा अर्ज टेबलाटेबलांवरून फिरून परत यायचा. मग आम्ही टोक एकच्या आकड्यावर धरायचो आणि प्रत्येक मापाला शेवटी एक मीटर वाढवायचो. टेप एकदा टाकली तर एक, दोनदा टाकली तर दोन. नवख्या माणसाला हे घोळाचं वाटेल. आम्ही ते झोपेतही केलं असतं, आणि शेवटी तिथेच घात झाला.

मिलिमीटरची थोरली बहीण शहरातल्या जुन्या प्रसूतिगृहात नर्स होती. याला रस्ता ओलांडायला शिकवलं ते तिने. ते प्रसूतिगृह बंद करायला कोर्टाने परवानगी दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून ताई ड्यूटीवर जाण्याआधी तासभर त्या न्यायाधीशांच्या घरासमोर पुठ्ठा धरून उभी राहू लागली. पुठ्ठ्यावर एकच ओळ होती, ‘पुढची बाळंतीण कुठे जाईल?’ ती तोंडातून अवाक्षर काढायची नाही. पण हळूहळू तिच्यामागे वीसेक माणसं जमायला लागली, आणि वीस माणसं जमली की त्यातली पाच घसा ताणतातच. घरात न्यायाधीशांची म्हातारी आई आजारी होती म्हणे. एक दिवस एकाने फाटक धरून गदागदा हलवलं आणि आठवड्यात हुकूम निघाला. न्यायाधीशांच्या फाटकापासून शंभर मीटरच्या आत निदर्शनं नकोत. पलीकडे काय हवं ते बोला.

मला विचाराल तर खरं दोन्हीकडे थोडं थोडं होतं. न्यायाधीश कोर्टात सगळ्यांचा असतो, पण घरी त्याला चपला काढून आईजवळ बसता यायला हवं. आणि शंभर मीटरवरून पुठ्ठ्यावरची ओळ वाचता येत नाही, हेही मी पैजेवर सांगतो.

हद्दीचा पिवळा पट्टा मारायला अर्थातच मिलिमीटरला पाठवलं. पहिलं माप झालं, दुसरं टाकायला आम्ही पुढे सरकलो, तोच ताई फुटपाथवरून खाली उतरली.

"माझ्यापुढे पट्टा मारायला तुलाच धाडलं का रे?"

"ताई, नोकरी आहे."

"मग कर. नीट कर. तुझा पट्टा म्हटल्यावर मी एक बोट पुढे येणार नाही."

त्याने दुसरं माप घेतलं, शेवटी एक मीटर वाढवला आणि रंग ओतला. वाढवायचे होते दोन. माझ्याही ते लक्षात आलं नाही, मी ताईच्या तोंडाकडे बघत होतो.

पंधरा दिवसांनी पोलिसांनी तिला उचललं. त्यांच्या अंतर मोजायच्या चाकाप्रमाणे तिची पावलं फाटकापासून नव्व्याण्णव मीटर वीस सेंटीमीटरवर होती. गुन्हा साबित झाला असता तर तिची नर्सची नोंदणी रद्द झाली असती. तीच एक गोष्ट तिची स्वतःची होती. तिच्या वकिलाने लिहून दिलं की ती पट्ट्याच्या मागेच उभी होती. आमच्या खात्याने पत्र दिलं की पट्टा बरोबर शंभरावर आहे, म्हणजे बाईच पुढे आली असणार. पत्राखाली सही मिलिमीटरची.

त्याने ताईच्या वकिलाला फोन केला, तेव्हा त्याला कळलं की ताईने बजावून ठेवलंय, "चाक चुकलं असेल. माझ्या भावाचा पट्टा चुकत नाही."

रविवारी आम्ही माझ्या मेव्हण्याची टेप घेऊन गेलो. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा नव्व्याण्णव. मिलिमीटर फुटपाथच्या कडेला बसला आणि त्याने पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "कड मात्र सरळ आलीय." मला हसू आलं आणि मी टेप गुंडाळायला घेतली.

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी त्याला जिन्यात गाठून सांगितलं, ‘सही माझी आहे’ एवढंच म्हण आणि पिंजऱ्यातून खाली उतर. कोर्टापुढे त्याने सही आपली असल्याचं सांगितलं आणि पुढे म्हणाला, "पण पट्टा चुकलाय. एक मीटर आत मारलाय मी."

ताईने मान वर केली. भाऊ साक्षीला उभा राहिला तेव्हाही तिने बघितलं नव्हतं.

हा खटला चालवणाऱ्या न्यायाधीशबाईंनी विचारलं, असं कसं झालं? त्याने तुटक्या टेपची सगळी हकिगत सांगितली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. टेपचं दुसरं टोक कुणाकडे होतं, असं सरकारी वकिलाने विचारलं.

"टोक कुणाकडेही असो, आकडा मी मांडला," तो म्हणाला.

मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. मी उठून उभं राहायला हवं होतं. नाही राहिलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

निकाल दोनच परिच्छेदांचा होता. नागरिकाला बोलायचा हक्क आहे आणि घराला शांततेचा. दोन्हींमधली रेघ कुठे आहे हे सांगणं सरकारचं काम. सरकारने रेघ मारून दाखवली, बाई तिच्यामागे उभी राहिली, म्हणून ती निर्दोष. आणि पट्टा आठ दिवसांत योग्य जागी न्यावा.

खात्याने मिलिमीटरला ठपक्याचं पत्र दिलं. पोरांनी त्याचं नाव ‘एक मीटर’ ठेवलं. नवी टेप मात्र दोन दिवसांत आली.

जुना पट्टा खरवडायला आम्ही सकाळीच गेलो. ताई पुठ्ठा घेऊन आधीच तिथे उभी होती. कोर्टानंतर भावंडं एकमेकांशी बोलली नव्हती. पहिलं माप झालं. दुसऱ्याला मी सवयीने टोकाकडे हात केला, तर मिलिमीटरने मला रंगाचा डबा धरायला सांगितलं आणि टेपचं टोक बहिणीपुढे केलं.

ताईने पुठ्ठा भिंतीला टेकवला, खाली वाकली आणि टोक अंगठ्याने रस्त्यावर दाबून धरलं.

"तू मोज," ती म्हणाली. "या वेळी मी मध्ये बोलत नाही."

"बोल की गं," तो म्हणाला. "मी दोनदा मोजीन."