भिंतीकडे तोंड करून: सोलापूरचा स्पीकरचा कारखाना

सोलापूरला गेलं तर काय बघावं, असं या ब्लॉगवर अधूनमधून कुणीतरी विचारतं. किल्ला, तळं, चादरींची दुकानं हे कुणीही सांगेल. मी तिथे पहिल्यांदा हौसेनं पाहिला तो लाऊडस्पीकरचा कारखाना, आणि तो कधीच बंद पडला. तेव्हा या लेखाचा प्रवासाच्या आखणीला काडीचा उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले असतील. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन माळशिरसला घरी रिकामी बसले होते. माझी थोरली बहीण अक्का सोलापुरात दिलेली, आणि तिचे यजमान, आमचे दाजी, कापडगिरणीत मागावर कामाला. दाजींचा निरोप आला की गावाबाहेर भारी स्पीकरचा कारखाना निघालाय, शनिवारी पाहुण्यांना आत नेऊन दाखवतात, कुसुमला रेडिओचं वेड आहे तर पाठवून द्या. वडिलांनी ओळखीचा कंडक्टर बघून मला एसटीत बसवलं.

रस्ता वेळापूर, पंढरपूर, मोहोळ असा. माझ्या खिडकीची काच खाली येत नव्हती, त्यामुळे निम्म्या जिल्ह्याची धूळ मी अंगावर घेऊन उतरले. पंढरपूरच्या स्टँडवर भजी खाल्ली. ती पोटात मोहोळपर्यंत जागी होती. तिकीट स्वस्त होतं, आणि त्या स्वस्ताईत बसायला अर्धीच जागा मिळत असे.

बोलावण्याचं खरं कारण अक्कानं मी पाय धुतल्यावर सांगितलं. कारखान्यात तयार माल ऐकून पास-नापास करणाऱ्या माणसाची जागा निघाली होती आणि दाजींना ती हवी होती. ते भजनात पेटी वाजवत. कुणाचा सूर जरा हलला की डोळे वटारत. कानाचं काम यांना नाही तर कुणाला मिळणार, असं सगळ्या चाळीचं मत होतं. शनिवारी दाजी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मला म्हणाले, "तू नुसतं बगून ये. ऐकायचं काम माजं."

कारखाना होटगी रस्त्यावर, पत्र्याच्या दोन लांब शेड. दाखवायला मल्लिनाथअण्णा नावाचे फोरमन होते, कपाळावर विभूती, खिशात स्क्रूड्रायव्हर. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या म्हणत त्यांनी आत नेलं. पहिल्या शेडमध्ये बायका केसाइतकी बारीक तांब्याची तार नळीवर गुंडाळत बसल्या होत्या. आपसात तेलुगू बोलत होत्या आणि हात न थांबवता आम्हाला न्याहाळत होत्या. घरी मागासाठी कांड्या भरायची सवय असल्यानं अण्णांनी त्यांनाच घेतलं होतं. पुढे कागदाचे शंकू डिंकानं चिकटवत होते. शेवटी सागवानी खोकी, पॉलिश केलेली, आमच्या घरातल्या कपाटापेक्षा देखणी. ती मोठ्या थिएटरांत आणि मुंबईच्या श्रीमंतांकडे जात. मी किंमत विचारली. अण्णा म्हणाले, "ताई, ते इचारू नका, जेवण जात न्हाई मग."

ऐकायची खोली सर्वांत शेवटी. भिंतींना गोणपाट आणि कापूस. बारीक सुरांच्या स्पीकरला जोडलेलं एक यंत्र होतं, त्यातून शिट्टीसारखा आवाज निघे. अण्णांनी बटण दाबलं, भुवई उचलून दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "आला." बटण सोडलं. "गेला." एकही चुकलं नाही. मला अभिमान वाटला.

"आता आमची पद्धत," अण्णा म्हणाले. "खोकं देखणं असलं की मानूस ऐकायच्या आधीच वा वा करतो. म्हनून हितं सगळे पाट करून ऐकतात. मालकसुद्धा. भिंतीकडं तोंड करा, आवाज आला की हात वर करा."

दाजी भिंतीकडे वळले. ताठ उभे राहिले, शाळेत कवायतीला राहतात तसे. अण्णांनी बटण दाबलं. शिट्टी माझ्या दातांपर्यंत गेली. दाजींचा हात खालीच. अण्णांनी आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. मग बंद केला.

जरा वेळानं दाजी भिंतीकडे बघतच म्हणाले, "लावा की मग."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. दाजी वळले, आमची तोंडं पाहिली आणि त्यांना कळलं. मागाच्या खात्यात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, सगळे ओठ वाचून बोलतात. तिथे इतकी वर्षं काढल्यावर आपण कानांनी ऐकतो की डोळ्यांनी, हे त्यांना कुठून समजणार? मला फार वाईट वाटलं. अण्णांनी आम्हाला चहा पाजला, जागेचा विषय कुणीच काढला नाही.

परतताना दाजी रस्त्यात थांबले. "अक्काला सांगू नगंस. जागा भरली म्हनून सांगू. तिला घोर लागंल." मी मान हलवली.

घरी दाजी जेवायला बसले. "जागा भरली म्हनं," ते म्हणाले. "बरं झालं. लांब पडलं असतं," अक्का त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, आणि स्टोव्हकडे वळली. भाकरी थापता थापता, आवाज जराही न उतरवता ती म्हणाली, "कुसे, ऐकू न्हाय आलं न्हवं त्यास्नी?"

मी दचकून दाजींकडे पाहिलं. ते शेंगाचटणीत तेल कालवत होते.

"लई वर्सं झाली," अक्का म्हणाली. "त्यास्नी कळू देऊ नगं. पेटी सोडतील."

मी तोंड भिंतीकडे वळवून विचारलं, "मग जाऊ कशाला दिलंस?"

"तितं मागाचा आवाज न्हाय. ऱ्हायलेले कान तरी वाचतील म्हनलं." तिनं भाकरी उलटली. "वाड त्यास्नी."

मी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं माळशिरसला आले. आईला तारेच्या बायका सांगितल्या, सागवानी खोकी सांगितली. दाजी पुढे गिरणीतूनच निवृत्त झाले आणि अखेरपर्यंत भजनात पेटी वाजवत राहिले. अक्का त्यांच्यामागून वर्षभरात गेली. दोघांनी मला एकमेकांपासून तीच गोष्ट लपवायला सांगितली होती आणि मी दोघांचंही ऐकलं. आता ज्यांच्यापासून लपवायची ते कुणी उरलं नाही, म्हणून लिहिलं.