वस्तीत आलेली इम्पाला

दुष्काळी मुलखात मोटारीला माशासारखी शेपटी कशाला हवी, सांगाल का? परवा गेवराईच्या भंगार दुकानात क्रोमची लांबलचक पट्टी दिसली आणि आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनची पांढरी इम्पाला आठवली. आम्ही चळवळीची पत्रकं वाटणारी बौद्धवस्तीतली पोरं, तो चकचकाट आम्हाला शोषणाचा वाटे, तरी मागच्या त्या शेपटीवरून माझी नजर हलत नसे. त्या उन्हाळ्यात कारखान्याचा पाण्याचा टँकर गावच्या विहिरीवरच रिकामा व्हायचा. आमच्या वस्तीचा रस्ता खराब आहे, मोठी गाडी जात नाही, असं चेअरमन सांगायचे. निवडणुकीत मतं मागायला ते पारावर आले, तेव्हा मी मुद्दाम म्हणालो, "साहेब, खरी अमेरिकन गाडी म्हणजे डॉज. इम्पालाचा नुसता नखरा, आमच्या वस्तीपतुर बी यायची न्हाई." "बस बे आत, दावतो तुला!" म्हणत त्यांनी स्वतः स्टिअरिंग धरलं. बैलगाडीच्या चाकोरीत पोट घासत, डुलत डुलत गाडी समाजमंदिरापुढे येऊन थांबली. रिकामी घागर घेऊन माझी आत्या पुढं आली. "लई देखणी हाय गाडी, साहेब. एवढं लांब धूड आलं, मग टँकर कावून येत न्हाई?" सगळी वस्ती हसली, शेवटी चेअरमनही हसले, आणि दुसऱ्या दिवशी टँकर त्याच वाटेनं आला. डॉजचं मी नुसतं त्यांना डिवचायला बोललो होतो. इम्पालाइतकी देखणी सेडान माझ्या लेखी आजही दुसरी नाही. तेव्हा पुढाऱ्याची लांब गाडी तुमच्या दारात आली, तर दगड उचलू नका. तिचं तोंड भरून कौतुक करा आणि ती माघारी वळायच्या आत पाण्याचं विचारा.